अक्काच्या परतलेल्या पेशी

माघातल्या कोवळ्या उन्हात अक्का दोन्ही हातांवर मांडा फिरवायची, तेव्हा कणकेच्या त्या पातळ पडद्यातून तिचा चेहरा अंधुक, सोनेरी दिसायचा. मनगटावरून कोपरापर्यंत झुलत गेलेला तो मांडा पालथ्या खापरावर अलगद उतरायचा, आणि चर्र आवाज आला की ती स्वतःवरच खूश होऊन मान हलवायची. अख्ख्या पारोळ्यात माझ्या या थोरल्या बहिणीसारखा हात कुणाचा नव्हता. बहीण म्हणून सांगत नाही. बरं बाई, बहीण म्हणूनच सांगते!

त्या अक्काला रक्ताचा कर्करोग झाला. जळगावच्या दवाखान्यात केमोनं तिच्या पांढऱ्या पेशी जवळपास संपल्या. त्या रित्या दिवसांत ती पीक निघून गेलेल्या शेतासारखी शांत होती; जरासा खोकला, बस. मग एका सकाळी पेशी पुन्हा वाढू लागल्याचा रिपोर्ट आला. आम्ही तिला घरी आणलं, आणि आनंदाचं काही घडलं की आमच्याकडे जे होतं तेच झालं, त्याच संध्याकाळी अंगणात चुलीवर खापर तापलं. तोंडाला मास्क लावून ओसरीवर बसलेली अक्का माझे मांडे फाटताना पाहून पोटभर हसली.

दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. धुरानंच झालं, मीच घात केला, म्हणून मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर ऊर बडवून घेतला.

डॉक्टर म्हणाले, "धूर नव्हे ताई. फुप्फुसात जंतुसंसर्ग आधीच दबून होता. आता पेशी परतल्या नि सगळ्या तिकडेच धावल्या. त्यांच्या झुंजीनंच एवढी सूज आलीय."

म्हणजे ज्यांच्या येण्याचे आम्ही मांडे केले, त्याच तिचा श्वास अडवत होत्या! त्या न दिसणाऱ्या पेशींचा मला असा संताप आला की काय सांगू. अक्का मात्र ऑक्सिजनच्या मास्कआडून हळूच म्हणाली, "मन्याच शेतस ना त्या? काब्र रागे भरस त्यास्ले?" तिच्याच पेशी त्या, त्यांच्यावर कशाला रागवायचं, असं तिचं म्हणणं.

सूज उतरवायची औषधं झाली. पाचव्या दिवशी, दुपारच्या स्वच्छ उजेडात, तिचा श्वास थांबला.

आता मला सगळं कळतं. त्या संध्याकाळी आम्ही भलत्याच गोष्टीवर हरखलो होतो. पण तो आनंद खोटा होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सरलेल्या काळानं माझ्यासाठी मागे ठेवलेली अक्का तेवढीच आहे, हसणारी, आणि तिला मी कुणालाही, अगदी सत्यालासुद्धा, हात लावू देणार नाही.