कोरफडीला पाणी

इस्त्रीवाली लग्न होऊन या घरात आली, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत कोरफड आधीपासून होती. नवऱ्याच्या पहिल्या बायकोनं लावलेली. ती आजारानं गेली आणि कोरफडीचं सगळं तिच्या लेकीनं अंगावर घेतलं. शाळेत जाण्याआधी पेलाभर पाणी. रोज. एक दिवस चुकेल तर शपथ.

आता कोरफडीला रोज पाणी म्हणजे विषच की. कुंडीखालची बशी कायम भरलेली, माती चिखल झालेली, हे इस्त्रीवालीनं आल्या आल्याच पाहिलं. तिच्या माहेरी अंगणभर कोरफड होती. कोणी ढुंकून बघत नसे, तरी नुसती फोफावायची. पण सांगायचं कसं? "तुझ्या आईच्या झाडाला पाणी घालू नकोस," हे सावत्र आईनं म्हणायचं? साऱ्या नातेवाइकांत बोभाटा झाला असता.

आणि पोरगी तिच्याशी बोलायची तरी कशी, तर पाहुण्यांशी बोलावं तसं. "तुम्ही जेवलात का? तुमचा टॉवेल आत ठेवलाय." एक अक्षर वाकडं नाही. आपल्या आईला मात्र ती 'अगं तू' म्हणायची, असं नवऱ्यानंच सांगितलं होतं. "घरात दोन राजदूत, आणि मी आपला मधला दुभाष्या," असं तो हसत म्हणायचा. ते ऐकून इस्त्रीवालीला फार वाईट वाटायचं.

एकदा दुकानात इस्त्री निसटून तिचं मनगट चांगलंच भाजलं. घरी आली, कोरफड हाताच्या अंतरावर होती, पण पान तोडायचा धीर झाला नाही. नळाखाली हात धरून ती नुसती उभी राहिली.

मग कोरफडीची खालची पानं पिवळी पडली, लिबलिबीत झाली. पोरीला वाटलं, तहानली. तिनं संध्याकाळीही पाणी सुरू केलं. इस्त्रीवालीचा जीव खालीवर व्हायचा, पण तोंडाला कुलूप ते कुलूपच.

एका सकाळी पोरीनं पिवळं पान काढायला हात लावला आणि अख्खी कोरफड बुडातून सुटून तिच्या हातात आली. खाली काळा चिखल आणि कुजका वास. पोरगी रडली नाही, तशीच उभी राहिली. ते बघवेना.

इस्त्रीवालीनं कुंडी खाली घेतली, दोन्ही हात चिखलात घातले आणि चाचपून कोरफडीचं बोटाएवढं एक पिल्लू बाहेर काढलं. त्याचं बूड अजून टणक होतं.

"ही मोठी जगेल?" पोरीनं विचारलं.

"नाही गं. ती गेली. हे तिचं पिल्लू जगेल. कुजकं मूळ कापू, जखम सावलीत सुकू दे, मग कोरड्या मातीत लावू. पाणी लगेच नाही घालायचं. माती पार कोरडी झाली की मगच. रोज घातलं की कुजते ती."

पोरगी पिल्लाकडे बघत राहिली. मग तिच्याकडे.

"तुला माहीत होतं?" ती म्हणाली. "तुला आधीपासून माहीत होतं, आणि तू मला सांगितलं नाहीस?"

या घरात तिच्यावर कोणी असं पहिल्यांदाच रागावलं होतं.

"भ्यायले गं. तुला वाटलं असतं, तुझ्या आईचं झाड मारायला निघाले."

"मेलंच ना आता," पोरगी म्हणाली, आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागली.

इस्त्रीवालीनं चिखलाचे हात तसेच तिच्या पाठीवर टेकवले. शाळेचा सदरा होता तो, सकाळी तिनंच कडक इस्त्री करून ठेवलेला.