पैलवानाचा बिल्ला

"काका, माइक चालू आहे," खिडकीतून कोणीतरी ओरडलं. आपण मघापासून नुसते धापा टाकतोय आणि त्या थेट फाटकापर्यंत ऐकू जातायत, हे भोंगाकाकांना तेव्हा कळलं.

त्यांनी घसा खाकरला. खाणीच्या कल्याण विभागातले हे कारकून उभी नोकरी याच माइकवरून बोलत आले होते. खेळांचे सामने, डोळे तपासणीचं शिबिर, कोणाच्या तरी सापडलेल्या किल्ल्या. 'ज्यांच्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात, उरलेल्यांनी आपापले खिसे चाचपावेत,' असं काहीबाही जोडल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. म्हणून सगळी वसाहत त्यांना भोंगाकाका म्हणायची आणि तेही खुशाल ओ द्यायचे. आज मात्र मागे जोडण्यासारखं काही नव्हतं. पहाटे खाली गेलेल्या पंप दुरुस्तीच्या टोळीवर छत कोसळलं होतं. माणसं पाच. मुख्य पाळी अजून उतरायची होती म्हणून बाकीचे वाचले होते, आणि त्या पाचांची नावं आता काकांना पुकारायची होती.

नावं फळ्यावरून घेतली होती. खाली उतरताना जो तो आपला पितळी बिल्ला दिव्यांच्या खोलीतल्या फळ्यावर अडकवतो, दिवा घेतो आणि वर आला की बिल्ला काढून घेतो. फळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस खाली. यावर कोणी दुसरा विचार करत नाही.

काकांनी पाच नावं घेतली. एकेका नावासरशी गर्दीतून एकेक घर, लोकांना अडवायला बांधलेला दोर ओलांडून आत आलं आणि कचेरीसमोरच्या बाकावर बसलं. शेवटचं नाव पैलवानाचं होतं. त्याची बायको आली ती कोणाचाही हात न धरता, ताठ, आणि बाकापाशी पोचल्यावर मात्र मटकन खाली बसली.

काका बाहेर आले तेव्हा कॅन्टीनच्या मावशी तिच्या तोंडावर पाणी मारत होत्या. पहाटेपासून त्या कॅन्टीनमध्ये होत्या. बातमी आली तशी शेगडी तशीच सोडून इकडे धावल्या होत्या.

"पोटात काही नाहीये हिच्या," मावशी म्हणाल्या. "तुम्हीपण घ्या पाणी. तोंड बघा कसं झालंय."

"तुमचा शिट्टी कुठाय?" काकांनी विचारलं. मावशींचा एकुलता एक मुलगा खाणीतच होता. जाताना येताना शिट्टी घालायचा, म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणत.

"त्याला सुट्टी आज. मी निघाले तेव्हा घोरत होता. दोनदा फोन केला, उचलेल तर शपथ. नुसता कुंभकर्ण." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "सुटले म्हणावंसं वाटतं हो काका, पण या बायकांसमोर जीभ रेटत नाही."

फाटकाबाहेर टीव्हीवाले जमले होते. पाचही नावं एव्हाना घरोघरी पोचली होती.

ऊन चढलं आणि फाटकाशी एकदम गलका झाला. गर्दी दुभंगली. मधून पैलवान येत होता. पैलवान, हाडामांसाचा, एक गाल टम्म फुगलेला, तोंडात कापूस. हे कोण, आणि बाकावर कोणासाठी रडणं चाललंय, हे क्षणभर कोणाच्याच डोक्यात शिरेना. त्याची बायको उठली, धावत गेली आणि त्याच्या छातीवर दणादण बुक्के मारू लागली.

"कुठं मेला होतास रे? कुठं?"

"डाढ," पैलवान कसाबसा म्हणाला. "डाढ काढायला गेलतो. बसमध्ये टीव्हीवर माझंच नाव..."

गर्दीत हसू फुटलं. एवढा आडदांड गडी आणि दाढेपुढे शरण! कोणीतरी टाळी वाजवली. काकाही हसले.

मग हसू विरत गेलं. बिल्ला फळ्यावर होता. टोळीत पाच माणसं उतरलेली लिफ्टवाल्याने अंधारात का होईना, मोजली होती. पैलवान इथे होता, मग पाचवा कोण?

खाडा पडू नये म्हणून एकमेकांच्या बिल्ल्यावर जायचं, हे खाणीत सगळ्यांना ठाऊक होतं. मुकादमाला ठाऊक होतं, काकांनाही. आता दोराबाहेरच्या प्रत्येक बाईने फोन काढला. मघापर्यंत ज्या दुसऱ्यांचे डोळे पुसत होत्या, त्याच आपापल्या घरचा नंबर लावत होत्या. कोणाचा लागला की ती फोनवरच हुंदका द्यायची. ज्यांचा लागत नव्हता त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

खाणीच्या साहेबांनी पैलवानाला कचेरीत ओढलं. काका मागोमाग गेले.

"कोणाला पाठवलंस?" साहेबांनी विचारलं.

पैलवानाने मान खाली घातली. "रात्रभर ठणकत होतं, साहेब. पाळीला म्हणून निघालो आणि वाटेत त्याच्या घरी गेलो. झोपला होता. मीच उठवला. बिल्ला हातात दिला, म्हटलं, एवढी पाळी मार माझ्या जागी. डोळे चोळत निघाला बिचारा."

"कोण?"

"शिट्टी."

 काकांनी टेबलाचा कोपरा धरला.

"खालून खात्रीची खबर येईपर्यंत कोणाला एक अक्षर सांगायचं नाही," साहेब म्हणाले. "एकदा तोंडघशी पडलोय, तेवढं पुरे."

हुकूम ऐकून काकांना हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच शरमही वाटली. आपल्याला सांगावं लागणार नाही! खिडकीतून मावशी दिसत होत्या. आता दोराबाहेर बायकांत, कानाला फोन लावून उभ्या होत्या. खाली घेत होत्या, परत लावत होत्या. बाजूची बाई त्यांना काही विचारत होती, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"साहेब, बाहेर दीडशे बायका जीव मुठीत धरून उभ्या आहेत," काका म्हणाले. "एकीचं नाव आपल्याला माहीत आहे."

"आणि परत चुकलं तर?"

"तर लोक मला जोड्याने मारतील. मारू देत." आपण हे बोललो यावर त्यांचाच विश्वास बसेना.  काका बाहेर पडले.

माइकमागे बसून त्यांनी जन्मात हजारो माणसांना काय काय सांगितलं होतं. समोर उभं राहून एकाला काही सांगायचं तर शब्द कसे जुळवतात, ते त्यांना सुचत नव्हतं. पायऱ्या उतरताना वाटलं, मागे फिरावं. 

मावशींनी त्यांना येताना पाहिलं आणि फोन खाली घेतला.

"माझ्याकडेच येताय ना?"

काकांनी मान डोलावली. "पैलवानाच्या जागी तो गेलाय, मावशी. पैलवानाने उठवून पाठवला त्याला."

"म्हणजे मघापासून फोन नुसता घरातच वाजत होता," मावशी स्वतःशीच म्हणाल्या. मग एकदम काकांचा दंड धरला. "आहे ना तो?"

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं काकांनी. आहे, ठीक आहे, काळजी करू नका. सगळं ओठांवर आलं होतं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "ढिगाऱ्यापलीकडून अजून आवाज नाही आला. खणतायत. आला की पहिलं तुम्हाला सांगेन, काहीही असो."

दंडावरची पकड घट्ट होत गेली, दुखेपर्यंत. मग सुटली. मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि दोराखालून वाकून आत आल्या. बाकाशेजारी पैलवानाची बायको उभी होती. तिला आता बसता येईना, जाता येईना. मावशींना पाहून ती एक पाऊल मागे सरली.

"मावशी, मला खरंच ठाऊक नव्हतं हो."

"घरी जा," मावशी म्हणाल्या. "तोंड सुजलंय त्याचं. मऊ काहीतरी करून घाल. आणि त्याला टाकून बोलू नकोस, ऐकतेयस? आज तरी नको."

बाकावरच्या बायका सरकल्या. मावशी बसल्या, आणि वळलेल्या काकांना त्यांनी हाक मारली.

"त्याचं नाव घ्या माइकवर. माझा पोरगा दुसऱ्याच्या नावावर खाली राहायला नको. शिट्टी नका म्हणू. शाळेतलं घ्या, बापाच्या नावासकट."

काकांना ते नाव माहीतच नव्हतं. मावशींनी ते सांगितलं, अगदी सावकाश, आणि काकांनी चुकू नये म्हणून त्यांच्यासमोर दोनदा म्हणून पाहिलं.

मग माइक खरखरला. काकांचा आवाज फाटला, पण नाव त्यांनी पूर्ण घेतलं. फाटकापर्यंत सगळं चिडीचूप झालं. मावशी आधीच आत आल्या होत्या, त्यांना कुठे जायचं नव्हतं. तरी त्या उठून उभ्या राहिल्या आणि कोणी विचारलं नसताना म्हणाल्या, "हो. आमचाच."