शाळेतली शेवटची खुर्ची

परीक्षक बाईंनी तिसरं कडवं वाचलं, तेव्हा मंचावरच्या मेरेरिदनं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. समोर सत्तरेक माणसं बसली होती आणि त्यांच्यादेखत तिला रडायचं नव्हतं.

"सात वर्षांच्या खांद्याच्या उंचीवर एक खुंटी," परीक्षक वाचत होत्या, "माझा ओला कोट मागते आहे, आणि माझे हात आता फार वर पोचतात."

"डोळ्यात काही गेलं का गं?" पहिल्या रांगेतून नेस्टानं हळूच विचारलं. तीस वर्षं तिनं या शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं होतं.

"गप्प बस," मेरेरिद ओठ न हलवता म्हणाली.

पेनरुगच्या शाळेतली ही शेवटची आयस्तेध्वोद, म्हणजे गाण्या-कवितांची स्पर्धा होती. गाणी झाली, पाठांतरं झाली. आता तेवढी उत्तम कवितेला मिळणारी कवीची खुर्ची द्यायची राहिली होती. शाळा बंद होत होती, सोमवारी किल्ल्या काउन्सिलकडे जायच्या होत्या. यंदाची खुर्ची सुतारानं शाळेच्याच जुन्या बाकांच्या लाकडाची केली होती. लायक कविता आली नाही म्हणून गेली दोन वर्षं खुर्ची रिकामी राहिली होती. यंदा तरी तिच्यावर कुणीतरी बसावं, एवढंच मेरेरिदला, शाळेच्या या शेवटच्या मुख्याध्यापिकेला हवं होतं. त्यासाठी हिवाळाभर ती दारोदार फिरून लोकांना कविता लिहा म्हणत होती. लोक तिला पाहून पडदे ओढायला लागले होते.

आणि आता कविता आली होती. परीक्षक म्हणाल्या, अशी कविता हातात आली की परीक्षकाचं काम उरत नाही. कवीचं टोपणनाव होतं 'खुंटी'. खरं नाव बंद पाकिटात होतं. ते कुणालाच, मेरेरिदलासुद्धा ठाऊक नव्हतं. तिच्या मते हा हुवेलच. शाळेची बस त्यानं वीस वर्षं चालवली होती. बाकीच्यांचाही तोच अंदाज असावा, कारण सगळे त्याच्याकडे पाहून हसत होते आणि तो बिचारा मान हलवून नाही नाही म्हणत होता.

मेरेरिद पुढे आली. "कॉर्नेट वाजल्यावर 'खुंटी' यांनी, आणि फक्त त्यांनीच, उभं राहावं."

कॉर्नेटची तुतारी वाजली. हुवेल बसूनच राहिला. मागच्या भिंतीशी, कोट टांगले होते तिथे, एक माणूस उठला.

ऐरिग होता तो.

आपली भाषा वाचवील म्हणून गावानं ज्याला काउन्सिलवर पाठवलं, तो ऐरिग. अकरा मुलांसाठी शाळा चालत नसते, असं म्हणून त्यानं ती बंद करायच्या बाजूनं हात वर केला होता आणि एका मतानं शाळा गेली होती. त्या दिवसापासून तो समोरून आला की मेरेरिद रस्ता ओलांडायची. त्याला वाचायला शिकवलं होतं तिनंच, ओळीखाली बोट धरून.

"बघा!" नेस्टा आता मुळीच हळू बोलली नाही. "मारायचं यानंच आणि रडायलाही पुढे हाच."

"हिंमत तरी बघा," हुवेल म्हणाला.

विजेत्याला मंचावर आणायला दोघांनी जायचं असतं. ते दोघे जागचे हलले नाहीत. ऐरिग एकटाच चालत आला. कुणी पाय आवरून त्याला वाट दिली नाही, तो वळसे घेत आला. मंचावर येऊन खुर्चीशेजारी उभा राहिला. मेरेरिदच्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. ती ओळ याची? त्या खुंटीवर घाव घालणारा हा, आणि कोटही याचाच?

पण कविता वाचली गेली होती. तिनं समारंभाची तलवार त्याच्या डोक्यावर आडवी धरली आणि म्यानातून अर्धी ओढली. तीनदा विचारायचं, तीनदा सभागृहानं होकार द्यायचा, तलवार म्यानात जायची आणि मग कवीनं बसायचं, अशी रीत.

"शांती आहे का?"

कुणी तोंड उघडलं नाही. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. एरवी छत हादरायचं.

"शांती आहे का?"

हुवेलनं हाताची घडी घातली. नेस्टा जमिनीकडे पाहत राहिली.

"राहू द्या, बाई," ऐरिग पुटपुटला. "मी जातो. कविता तेवढी ठेवून घ्या."

"थांब. अजून एकदा विचारायचंय."

तिचे हात दुखायला लागले होते. आता गप्प उभं राहिलं तरी पुरे होतं. खुर्ची रिकामी गेली असती आणि गावानं उद्या तिची पाठ थोपटली असती. तिनं सभागृहाकडे पाठ केली.

"शांती आहे का, ऐरिग?"

हा प्रश्न कधी कवीला विचारत नाहीत. त्यानं दचकून वर पाहिलं.

"नाही, बाई," तो म्हणाला. मग म्हणाला, "हात वर केला तेव्हापासून नाही."

मागच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं. मेरेरिदनं तलवार मुठीपर्यंत म्यानात सारली.

"अगं, हे काय?" नेस्टा उभी राहिली. "आम्ही कुठे उत्तर दिलं?"

"त्यानं दिलं की," मेरेरिद म्हणाली. "बस, ऐरिग."

तो खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. टाळी कुणी वाजवली नाही. पण उठूनही कुणी गेलं नाही.