वरच्या ओळीतले चार खळगे

टेबलावर गोळ्यांच्या तेरा स्ट्रिप्स होत्या. एका स्ट्रिपमध्ये पाच-पाच खळग्यांच्या दोन ओळी, म्हणजे दहा गोळ्या. एकूण एकशेतीस असायला हव्या होत्या. भरल्या एकशे सव्वीस. चार खळगे रिकामे होते आणि चारही वरच्या ओळीतले. ही शेवटची गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही, कारण सगळे ओरडण्यात गुंतले होते.

"बाई, हे काय आहे?" सेक्शनच्या साहेबांनी स्ट्रिप्स पुढे ढकलल्या. "तुम्ही पास केलेला माल आहे हा! फेरतपासणीत सापडला म्हणून वाचलो. हा दुसरा मेमो. तिसऱ्याला घरी बसायचं, सांगून ठेवतो."

बाईंनी मेमोवर सही केली. एकोणीस वर्षं त्या दिव्याखालून सरकणाऱ्या स्ट्रिप्स तपासत होत्या, आणि हे साहेब त्यांचे सख्खे धाकटे भाऊ होते. कारखान्यात 'बाई', घरी 'ताई'.

घरी मात्र ताईने तोंड उघडलं.

"चार लोकांत पाणउतारा केलास माझा!"

"मग काय पाठ थोपटू?"

"अरे, प्रत्येक स्ट्रिप बघते मी. मला सगळे खळगे भरलेले दिसतात!"

"मग गोळ्या काय उडून जातात?"

"मला काचबिंदू आहे, विसरलास?"

"झालं सुरू! स्ट्रिप चुकली, काचबिंदू. भाजी करपली, काचबिंदू. अगं, डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळ तू घडाघडा वाचतेस. मागच्या वर्षी ती ठिपक्यांची चाचणी केलीस, रिपोर्ट चांगला आला. काचबिंदूत कडेचं जातं, समोरचं शाबूत असतं. एवढं मलाही कळतं."

वाचकहो, या 'एवढं मलाही कळतं'ने आजवर किती जणांचे डोळे खाल्ले असतील!

"उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल," ताई म्हणाली. "मी खोटी ठरले तर तिसरा मेमो मीच लिहून देते."

दवाखान्यात दृष्टीचं क्षेत्र तपासणाऱ्या बाई केस पिकलेल्या, जिभेने तिखट होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"सुटलेले खळगे कुठल्या ओळीतले?"

"ओळीचा काय संबंध?" साहेब म्हणाले.

"विचारलं तेवढं सांगा."

मेमोसाठी काढलेले फोटो साहेबांच्या मोबाइलमध्ये होते. ते एकेक बघत गेले. वरची. वरची. वरची. वरची.

"ताई, तुमची नजर कुठल्या ओळीवरून फिरते?"

"खालच्या. वरची त्याच नजरेत येते ना."

तपासनीस बाईंनी जुना रिपोर्ट हातात घेतला. "या चाचणीतले ठिपके लांब लांब असतात. अगदी मधल्या भागात मोजून बारा. ज्या जागेने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो, तिथे फक्त बारा! दोन ठिपक्यांच्या मधे भोक पडलं तर कळणार कसं? त्याच जागेत अडुसष्ट ठिपके टाकणारी चाचणी वेगळी असते. ती करू."

ताई यंत्रासमोर बसली. हनुवटी टेकवून मधल्या खुणेवर नजर ठेवायची, ठिपका चमकला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याला अडुसष्टपैकी एकोणपन्नास दिसले. डाव्याला सेहेचाळीस. न दिसलेले बहुतेक खुणेच्या जरा वर, दोन्ही डोळ्यांत जवळपास एकाच जागी.

"पण तिला काळा डाग का दिसत नाही?" साहेबांचा आवाज खाली आला होता.

"कारण मेंदू ती जागा रिकामी ठेवत नाही. आजूबाजूला जे असेल त्याने बुजवून टाकतो. आजूबाजूला गोळ्या, म्हणून तिथेही गोळी! ही बाई कामचुकार नाही हो. तिला तिथे खरंच गोळी दिसत होती! आणि तुम्ही काय केलंत? मेमो दिलात! रोज एक तरी शहाणा या खुर्चीमागे उभा राहून 'नाटकं करते' म्हणतो. गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते थेंबांनी आणि वेळच्या वेळी तपासणीने टिकवायचं, त्यातही तुमच्यासारख्यांमुळे वर्ष वाया जातं!"

साहेब ताईकडे वळले.

"ताई, चुकलो गं मी."

"ते कारखान्यात सांग," ताई म्हणाली. "ओरडलास तिथेच."

"तुमच्या आईवडिलांपैकी कोणाला काचबिंदू होता?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"वडील शेवटी चाचपडत चालायचे," ताई म्हणाली. "आम्ही म्हणायचो, वय झालं."

"मग साहेब, तुम्हीपण बसा या खुर्चीत. सख्ख्या भावंडांना धोका जास्त असतो."

"मला काय धाड भरलीय? मला सगळं स्वच्छ दिसतं!"

"मीही हेच म्हणत होते," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या सेक्शनसमोर दोन्ही मेमो रद्द केले आणि माफी मागितली. ताईला स्ट्रिप्स तोलायच्या वजनकाट्याच्या कामावर बसवलं. एक गोळी कमी असली की काटा मोठ्याने वाजतो. तिथे डोळ्यांवर भिस्त नाही. तपासणी टेबलावरच्या सगळ्यांचे डोळे तपासून घ्यायचंही ठरलं.

नागरिकहो, शेवटची ओळ वाचता आली म्हणजे डोळा ठणठणीत, हा समज सोडा. ज्याला दिसत नाही त्याला आपल्याला दिसत नाही हेच कळत नाही, म्हणून त्याच्यावर डाफरण्याआधी त्याला तपासायला न्या. आणि घरात एकाला काचबिंदू असेल तर बाकीच्यांनीही रांगेत उभं राहा.

आठव्या दिवशी साहेब यंत्रासमोर बसले. उजवा डोळा : अडुसष्टपैकी एकसष्ट. डावा डोळा : अडुसष्टपैकी चौपन्न.