बाटली दिसू देऊ नको

माझ्या नणंदेला, आकांक्षाला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना रविवार सोयीचा होता. सासूबाईंनी हट्टाने मंगळवार ठरवला, कारण मंगळवारी माझ्या श्रेयाला रक्त चढवायचं होतं. दर तीन आठवड्यांनी आम्ही मायलेकी सकाळी घोडपदेवहून परळच्या हॉस्पिटलात जातो, ते संध्याकाळीच परततो. म्हणजे दिवसभर घरात आजारी पोर नाही. केवढी ती हुशारी!

"विचारलं तर सांगू, मामाकडे गेलीय," सासूबाई म्हणाल्या. माझा नवरा निलेश पाहुण्यांसाठी पंखा पुसत होता. त्याने पंखाच पुसला.

श्रेया सात वर्षांची. तिला थॅलेसेमिया आहे. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच हा आजार मुलाला एवढा जडतो, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. निलेशच्या बहिणीची लग्नाआधी टेस्ट करा, असंही बजावलं होतं. "आमच्या घराण्यात असलं काय एक नाय," हा सासूबाईंचा निकाल. घराण्याचा एकुलता एक मुलगा रिपोर्ट हातात धरून समोर उभा होता, तरी! आणि बँकेत नोकरी करणारी आकांक्षा? "लग्न ठरू दे वहिनी, मग बघू." असलं शिक्षण काय जाळायचंय?

दुपारी निम्मं रक्त चढलं होतं. श्रेया मोकळ्या हाताने मासा रंगवत होती. तेवढ्यात आकांक्षाचा मेसेज आला. 'त्यांना श्रेयाला बघायचंय. आई व्हिडिओ कॉल करतेय. फक्त तोंड दाखव. बाटली दिसू देऊ नको.'

मला शिसारी आली. तरी फोन उचलला. नव्या साडीतल्या सासूबाई दिसल्या, शेजारी मुलाची आई.

"मामाकडे मजा करतंस ना गो?" सासूबाईंनी नातीला विचारलं.

श्रेयाने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं की नाही, हे ती माझ्या तोंडावर शोधत होती. मी फोन वळवला. आधी रक्ताची पिशवी दाखवली, मग नळी, मग तिचा हात.

"ही हॉस्पिटलात आहे," मी मुलाच्या आईला म्हणाले. "हा आजार आईबापांकडून येतो. आकांक्षाची टेस्ट झालेली नाही. तिची आणि तुमच्या मुलाची, दोघांचीही करून घ्या. एकात जरी दोष नसला तरी घाबरायचं कारण नाही."

फोन कट झाला. अर्ध्या तासाने पुन्हा वाजला. पाहुणे चहासुद्धा न घेता गेले होते.

"माझ्या चेडवाचा लगीन मोडलंस गो तू!" सासूबाई ओरडल्या.

"मोडू दे. चहा टाकून पळणारी माणसं इथे दर तीन आठवड्यांनी येऊन बसली असती काय?"

पलीकडे फोनची ओढाओढ झाली. मग आकांक्षाचा आवाज आला, रडून बसलेला. मी शिव्या ऐकायच्या तयारीत होते.

"वहिनी," ती म्हणाली, "त्या टेस्टला उपाशीपोटी यावं लागतं का गं?"

"नाही," मी म्हणाले. "जेवून ये."