मोटारीचं झबलं

आमच्या घरात तेव्हा झबल्यांचा सुकाळ होता. बाळीची दोरीवर वाळणारी तर होतीच, शिवाय एक बोटीच्या मोटारीचंही होतं. मोटारीच्या अंगावर घट्ट बसणारी ती अॅल्युमिनियमची नळी. राघो, म्हणजे माझा नवरा, तिला जॅकेट म्हणायचा. बोट पळायला लागली की खालून पाणी वर चढतं, या जॅकेटमधून मोटारीभोवती फिरतं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं, तेवढ्याने मोटार थंड राहते, असं त्याने सगळ्यांना बसवून समजावलं होतं. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे झबलंच की. तेव्हापासून तेच नाव.

बोट हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी. मोटार, जॅकेट आणि रिमोट राघोच्या मावसभावाने, रतनने, सिंगापूरहून आणलेले, सगळं जपानी बनावटीचं. रतन मालवाहू जहाजावर असतो. बोटीचं लाकूड मात्र माझ्या सासऱ्यांनी, काळुरामबाबांनी कोरलं. त्यांची स्वतःची होडी होती, तिच्याच घडणीची. ठाण्याच्या खाडीत मासळी मिळेनाशी झाली आणि कोळीवाड्यातल्या होड्या एकेक करून विकल्या गेल्या, त्यात त्यांचीही गेली. त्यानंतर बाबा खाडीवर जायचेच बंद झाले. दिवसभर ओटीवर, खाडीकडे पाठ करून. जेवायला हाक मारली की उठायचे, नाहीतर नाही. बाळी झाली तेव्हा जरा हसले, एवढंच.

ही बोट झाली आणि माणूस उठला. संध्याकाळी राघो वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून आला की बाबा बोट काखेत मारून दारात उभे. त्याला चहासुद्धा निवांत पिऊ द्यायचे नाहीत. बाळीला कडेवर घेऊन मी दारातून बघायची, बापलेक खाडीच्या दिशेने निघालेले, बाप पुढे.

मग एक दिवस बोट मधेच बंद पडली. पोरं पोहत जाऊन घेऊन आली. मोटार अशी तापलेली की हात लावू देईना. जॅकेटमध्ये खाडीचा चिखल बसला होता, पाणी फिरायला वाटच उरली नव्हती. राघो म्हणाला, त्यात काय, जॅकेट काढायचं, धुवायचं, परत घालायचं. दोन्ही टोकांना रबराच्या कड्या असतात, हाताने सरकतं.

ते सरकेना.

त्याने ग्रीस लावलं, टोकाशी स्क्रू ड्रायव्हर घातला, तर कडच वाकली. लाकडी हातोडीने ठोकायला गेला आणि स्वतःच थांबला, आतली लोहचुंबकं तडकली तर मोटार संपली म्हणून. स्टोव्हवर धरायचीही सोय नव्हती, कारण जास्त तापलं की चुंबकांचा जोर जातो. कंपनीत नेऊन शिकंज्यात धरून पाहिलं, तर जॅकेट चेपायला लागलं. तसाच परत घेऊन आला. या सगळ्या दिवसांत बाबा पुन्हा ओटीवर जाऊन बसले होते. या वेळी जेवणसुद्धा निम्मं ताटात राहायचं.

रविवारी सकाळी राघोने हेक्सॉ काढला.

"कापतो आता," तो म्हणाला. "मोटार तरी वाचेल."

मी विचारलं, मग दुसरं जॅकेट? ते इथे कुठे मिळणार, मुंबईतसुद्धा नाही, रतन पुढच्या वर्षी येईल तेव्हा बघू, असं तो पातं बसवता बसवता म्हणाला. आणि वर त्या जपान्यांना शिव्या, की कोणत्या गाढवाने हे आत काय चिकटवून ठेवलंय. बाबा ओटीवर तुटकं जाळं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा हात थांबलेला मी पाहिला. पुढचं वर्ष. एवढे दिवस हा माणूस भिंतीकडे बघत काढणार, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं.

मी तेव्हा बाळीला न्हाऊ घालायच्या तयारीत होते. पाटाशेजारी खोबरेल तेलाची कोमट वाटी, बंबात कढत पाणी. मी राघोला म्हटलं, "अर्धा तास मला दे ती मोटार. ओलं झबलं ओढून काढायला गेलं की हातात अडकतं आणि पोर किंचाळतं. तू सगळे दिवस ओढतोयस नुसतं."

तो हसला, पण हेक्सॉ खाली ठेवला. बाळी सासूबाईंच्या मांडीवर गेली.

मी जुन्या लुगड्याचा तुकडा कढत पाण्यात बुडवून पिळला आणि जॅकेटला गुंडाळला, बाळीच्या पोटाला शेक देतो तसा. निवला की काढायचा, पुन्हा बुडवून गुंडाळायचा. मधे मधे टोकाच्या फटीत कोमट तेलाचे थेंब सोडायचे. राघोला पटलं, म्हणाला की एवढ्याने चुंबकांना काही होणार नाही, आणि अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा लवकर फुगतं. मग स्वतःच मांडी घालून बसला आणि फडकी पिळून द्यायला लागला.

थोड्या वेळाने वास आला. आधी मला वाटलं तेलाचा. मग तो वाढला, गोडसर, धुपासारखा, आणि आमच्या घरात कुणाला तो ओळखायला वेळ लागला नाही. राळ. होडीच्या फळ्यांच्या सांध्यात कापूस भरून वर राळ आणि तेल चोपडतात, तिचा. माझं माहेर कल्याणच्या खाडीकाठचं. या वासात मी रांगलेय. जपानमध्ये मोटारींना राळ लावत नाहीत, एवढं तर मलाही कळत होतं.

राघोने वळून ओटीकडे पाहिलं. बाबा जाळ्याच्या एकाच गाठीशी खेळत राहिले, मग खाली बघूनच म्हणाले, "पयल्या दिवशी टोकातून पानी गलत व्हता. मोटारीन पानी शिरल म्हनून मीनीच लावली. होरीला लावतंव तशी." आणि जरा थांबून, "तू कामाव गेलेलास."

सासूबाई बाळीला थोपटत म्हणाल्या, "चला, गाढव कुठला त्ये तरी समाजला."

राघोला हसू फुटलं. आधी दाबलं, मग दाबता येईना. बाबांच्या मिशीखालीही काहीतरी हललं, पण त्यांनी ते जाळ्यात लपवलं. एवढे दिवस त्यांना जेवण का जात नव्हतं ते मला तेव्हा कळलं. बोट बंद पडली म्हणून नव्हे. ती आपल्या हातून मेली, असं धरून बसले होते.

"बाबा, या इकडे," राघो म्हणाला. "तुमची राळ आहे, तुमच्याच हाताला सुटेल."

बाबा आले. पकड यावी म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा जॅकेटभोवती धरला, राघोने मोटार धरली. मी सांगितलं, ओढू नका, फक्त फिरवा, घट्ट बांगडी उतरवतात तशी. शेक अजून गरम होता. बाबांनी ओठ आवळले. आयुष्यभर ओले दोर ओढलेली ती बोटं, पण त्यांनी जोर असा काही लावलाच नाही, नुसती हळूहळू मूठ वळवत राहिले. आधी काहीच नाही. मग जॅकेट केसभर फिरलं. मग आणखी. आणि शेवटी मधासारखी तार ओढत ते अख्खंच्या अख्खं बाबांच्या हातात उतरलं, आतून खाडीचा काळा गाळ सांडत.

बाबा ते हातात घेऊन बसूनच राहिले. "फाटला नाय," एवढंच म्हणाले.

रॉकेलने धुणं, कड्या पुसणं, वाकलेली कड सरळ करणं यात दुपार गेली. आता लावायचं काय, तर बाळीचं व्हॅसलीन, असं राघोने ठरवलं. बाबांनी राळेचा डबा स्वतःहून वरच्या फळीवर ठेवला. राघोने तो परत खाली काढला आणि बोट उलटी करून त्यांच्यापुढे धरली. बुडाशी एक बारीक चीर होती.

"इथे लावा," तो म्हणाला. "इथे तुमच्याशिवाय कुणाला जमणार?"

संध्याकाळी मीसुद्धा गेले, बाळीला घेऊन. बाबा घोट्यापर्यंत चिखलात उभे होते. शेजारचा हरिहर काय झालं होतं म्हणून विचारत आला, तर बाबांनी स्वतःच त्याला सगळं सांगितलं, राळेसकट, आणि वर हेही की पोरगा करवत घेऊन कापायला निघालेला. बोट पाण्यात सुटली. रिमोट राघोच्या हातात होता, पण बाबा तिकडे बघतही नव्हते. ते थेट बोटीलाच सांगत होते, उजवीकडे घे, त्या खांबापासून लांब ऱ्हा, हां, आता दे सोडून. आणि राघो मुकाट्याने, बाबांचा शब्द संपायच्या आत, अंगठा त्या बाजूला वळवत होता.