अडखळे

मी एक जुने आडनाव आहे. अडखळे. मित्रांनो, हसलात ना? हसा, मला सवय आहे. माझा जन्मच हसण्यातून झाला.

माझा मूळ पुरुष नावाडी होता. हात वल्ह्यावर सफाईने चालत, पण जीभ अडायची. उतारू त्याला मुद्दाम बोलते करीत आणि पोट धरून हसत. "काय अडखळे, पलीकडे पोचायच्या आत उत्तर देणार का?" एकदा नदीला पूर होता आणि नाव गच्च भरली होती. मध्यावर ती कलली, तसा तो ओरडू लागला, "ब... ब... ब..." त्याला 'बसा' म्हणायचे होते. लोक मजेने उभे राहिले आणि त्याची नक्कल करू लागले. नाव उलटली. बुडालेल्यांत त्याची बायकोही होती. वाचलेल्यांनी काठावर येताच झोडपले ते त्यालाच. त्यानंतर मी नुसती थट्टा राहिले नाही, डाग झाले.

त्याची मुले घडाघडा बोलत, तरी मी त्यांना चिकटलेच. पुढे नदीकाठची एक अख्खी गल्ली माझी झाली. मुली लग्न होऊन गेल्या की सुटल्यासारख्या मला टाकून देत. मग पूल झाला, नावा सडल्या, माणसे शहरोशहरी पांगली. कुणी माझी मोडतोड केली, कुणी नवेच आडनाव घेतले. शेवटी दोन भावंडे तेवढी उरली.

बहीण शिवणकाम करी. आईबाप गेल्यावर तिने लग्न न करता धाकट्या भावाला वाढवले, वकील केले. वकील होताच त्याने भारदस्त आडनाव लावले. "ताई, अडखळे नावाच्या वकिलाकडे कोण येणार?" हळूहळू त्याचे येणेजाणेही थांबले. त्याची लेक आत्याला न पाहताच मोठी झाली.

लेकीच्या लग्नाला मात्र ताईला बोलावणे आले. ती हरखून गेली. तिथे पोचल्यावर भावाने तिच्या हातात सुईदोरा दिला. मुलीचा पोशाख लांब झाला होता.

"या कोण?" विहीणबाईंनी विचारले.

"आमच्या शिवणकामवाल्या मावशी," भाऊ चटकन म्हणाला.

ताईच्या तोंडात टाचण्या होत्या. मुलीने आपुलकीने विचारले, "मावशी, तुमचं आडनाव काय हो?"

ताईने एकेक टाचणी काढली. "अडखळे."

मुलगी फिसकन हसली. "असलं कसलं आडनाव! बाबा, ऐकलंत का?"

सगळ्यांत मोठ्याने भाऊ हसला. "सांभाळून हं मावशी, दुमड घालताना अडखळू नका!"

ताईने दुमड पुरी केली, दोरा दाताने तोडला आणि न जेवता घरी गेली.

पुढे ती दवाखान्यात पडली. नर्सने भावाला फोन लावला आणि परत येऊन, तिला काय ठाऊक, ऐकले तसे सांगून टाकले, "ते म्हणतात, त्या आडनावाचं आमच्यात कुणी नाही."

"खरंय," ताई म्हणाली. "तो बोलताना कधी अडखळला नाही." मग तिने भिंतीकडे तोंड केले. ती गेली तेव्हा जवळ कोणी नव्हते.

आता मला लावणारे कोणी उरले नाही. मित्रांनो, कुणाच्या दुखऱ्या जागेवरून त्याला हाक मारू नका. माणूस मरतो, हाक त्याच्या लेकराबाळांच्या अंगावर जाते. आणि असे एखादे आडनाव तुमच्या दारात आले, तर हसण्याआधी नीट बघा. ती तुमची आत्या असेल.